चीक, ओवी आणि उत्तम शुक्रवार

फाल्गुन सरता सरता जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बाईमाणसाच्या हाताला उसंत नसते. नारायणगाव-आर्वी पट्ट्यात द्राक्षबागांचा शेवटचा तोडा चाललेला असतो. मंचरच्या अंगाला उन्हाळी कांद्याची काढणी आलेली असते, गव्हाची मळणी उरकायची असते. पश्चिमेला, भीमाशंकर आणि डिंभ्याच्या डोंगरात, महादेव कोळी बायका बाळहिरडा वेचायला बाहेर पडतात. आठ-दहा तास उन्हात फिरायचं, आणलेला हिरडा अंगणात वाळवायचा, पावसाच्या आत विकायचा. त्यातच पोरांच्या परीक्षा. त्यातच गावोगावच्या यात्रा, म्हणजे पाहुण्यांची रीघ. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण बहुधा चैत्रातच कुणाला तरी सुचली असावी.

आणि मग वाळवण. कुरडईचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास धरतो. चौथ्या दिवशी ते वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर तो स्थिर ठेवायचा. पहाटे वरची निवळ अलगद ओतून टाकायची. आधणाच्या पाण्यात मीठ, हिंग घालून चीक सोडायचा आणि लाकडी दांड्यानं घोटत राहायचं. इथे हात थांबला की गुठळी झालीच. शिजलेला गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवरच्या कागदावर कुरडया पाडायच्या, आणि हे सगळं उन्हाचा चटका लागायच्या आत. एका बाईचं हे काम नव्हेच. म्हणून गल्लीतल्या चार बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमतात. वाटीत चीक घेऊन त्यावर तूप-साखर घालून खाणारी पोरं पायात पायात घुटमळत असतात.

या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरं थोडी आहेत, पण ती आजची नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचं एक ठाणं जुन्नरला होतं. अशा घरातल्या बाईला चैत्रातलं हे सगळं चुकत नाहीच. कुरडया तिच्याही गच्चीवर वाळतात, यात्रेचे पाहुणे तिच्याही दारी येतात. वर तिचा उपवासकाळ चालू असतो. चाळीस दिवसांच्या उपासना, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवरचं मनन, आणि ईस्टरच्या रविवारी अंधार असतानाच पहाटेची उपासना. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी बसवायची कुणी, मुलांची नाटुकली लिहायची कुणी, वेदीपुढची फुलं कुणी आणायची? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, आणि ते उत्तर तेव्हा स्वयंपाकघरात चीक घोटत असतं.

ही गर्दी योगायोगाची नाही. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. ही पौर्णिमा कधी होळीची असते, पण बहुतेक वर्षी चैत्राची. २०२५ चंच पाहा: ३० मार्चला गुढीपाडवा, १२ एप्रिलला चैत्री पौर्णिमा आणि हनुमान जयंती, लगेच १३ ला झावळ्यांचा रविवार, १८ ला उत्तम शुक्रवार, २० ला ईस्टर. गावची यात्रा आणि मंडळीचा सण एकाच चंद्राच्या हुकमात. पंचांग वेगळं असलं तरी चुलीपुढची बाई तीच.

या धामधुमीत घर, देव आणि स्वतःचं लिहिणं-गाणं हे तिन्ही सांभाळणारी बाई असते का? मराठीत या प्रश्नाचं सर्वांत भरभक्कम उत्तर जुन्नरपासून फार लांब नाही. माळशेज चढून आलेला महामार्ग आळेफाट्यावरून पुढे बेल्हे, टाकळी ढोकेश्वर असं करत थेट नगरला जातो. निजामशाहीची गादीही याच दिशेनं गेली होती; मलिक अहमदनं जुन्नरहून बस्तान हलवलं आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसवायला घेतलं. आज त्याचं नाव अहिल्यानगर. त्या नगरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक घर होतं, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळ्याचं वेड इतकं की घरात येणारी जिन्नस धुतल्याशिवाय आत घेतली जात नसे. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राची सुरुवात याच सोवळ्यापासून होते, आणि ती वाचताना हसावं की रडावं कळत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, विद्वान, लहरी आणि संसाराला सर्वस्वी निरुपयोगी. पैसा हातात ठरायचा नाही, पाय घरात ठरायचे नाहीत. १८९३ मध्ये आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात लहानगा दत्तू. पुढची सुमारे पाच वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, नातलगांच्या आश्रयानं. मग नगरला परतल्या, पण आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

इथे एक गोष्ट जुन्नरकरांना आवडेल. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्या तुकोबांना स्वप्नात मंत्र देणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी आपल्या ओतूरला आहे. म्हणजे पुलाचा एक दगड या मातीतला. पण लक्ष्मीबाई त्या पुलावरून गेल्याच नाहीत. त्यांची वाट स्वयंपाकघरातून गेली. त्यांच्या आत्मचरित्रात धर्मांतराचा खरा निकाल लागतो तो कुठल्या प्रवचनात नाही, पाण्याच्या भांड्यापाशी. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, यावर त्यांचं उभं आयुष्य बेतलेलं होतं. एकदा त्यांनी शांतपणे विचार केला, जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला आहे, असं मनाशी ठरवलं, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. पंडितांनी धर्मावर लिहिलेले ग्रंथ मराठीत ढीगभर आहेत. बाईचा धर्म पाणवठ्यावर आणि चुलीपाशी कसा बदलतो, हे इतक्या उघडपणे सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

आता त्या घरातली रोजची स्थिती. टिळक वाटेत भेटेल त्याला घरी आणत. दुष्काळात पोरकी झालेली मुलं आली, शिकणारी मुलं आली, कवी आले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात मुलासारखे राहिले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, त्या पोराचं जेवणखाण, रुसवेफुगवे आणि आजारपण लक्ष्मीबाई पाहत होत्या. मराठी कवितेच्या इतिहासात टिळकांच्या घराचं स्थान मोठं आहे, हे सगळेच लिहितात. त्या घरात पोळ्या किती लाटाव्या लागत, हे फक्त घरधनिणीनं लिहिलं. रांधा, वाढा, उष्टी काढा यातून कवितेचा एक अख्खा काळ पोसला गेला.

टिळकांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बायकोनं वाचावं, लिहावं यासाठी त्यांनीच खटपट केली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या हाती अक्षर आलं ते त्यांच्यामुळे. घरात अहोरात्र कवितेची चर्चा चालायची, ती कानावर पडणं हेही शिक्षणच होतं. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते, हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशननं १८४२ मध्ये नगरलाच सुरू केलेलं. पुरुष म्हणून त्या काळात त्यांनी जे केलं ते थोडं नव्हे. पण त्यांनी चूल कधी हाती घेतली नाही. तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

म्हणून तारखा नीट पाहाव्या लागतात. टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं. १९१७ मध्ये ते साताऱ्याला गेले, तिथे ‘देवाचा दरबार’ काढला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. तोवर काव्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं करायला घेतलं आणि ६४ अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. पुढचे दोन भाग १९३५ मध्ये आले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापलेलं पाहायला त्या नव्हत्या, ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या बाईचं आत्मचरित्र आज मराठीतलं श्रेष्ठ गद्य मानलं जातं, तिचं मोठं लेखन पन्नाशीनंतरच्या सतरा वर्षांतलं आहे. संसार भरात होता तेव्हा कविता झाल्या, पण ग्रंथ झाला नाही. घर रिकामं झालं तेव्हा ग्रंथ झाले.

तेव्हा घर, कला आणि श्रद्धा यांचा ‘तोल’ लक्ष्मीबाईंनी साधला, असं लिहिणाऱ्या लेखांवर माझा विश्वास नाही. तोल वगैरे काही नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं एक पारडं जमिनीला टेकलेलं होतं. त्यांची थोरवी अशी की त्या पारड्यात जे जे पडलं, सोवळं, उपासमार, प्लेग, परकी पोरं, नवऱ्याचा लहरीपणा, त्यातलं काही वाया जाऊ दिलं नाही. सगळं ध्यानात ठेवलं आणि म्हातारपणी हसत हसत सांगितलं. सबंध पुस्तकात त्या नवऱ्याला नुसतं ‘टिळक’ म्हणतात. त्या काळच्या बाईनं असं म्हणणं हाच केवढा मोकळेपणा! त्या त्यांची थट्टा करतात, त्यांच्यावर रागावतात, आणि माया कुठेही कमी होऊ देत नाहीत.

पुणे जिल्ह्यातच याच प्रश्नाला दुसरं उत्तर देणारी बाई होऊन गेली. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंड तालुक्यातल्या केडगावला, म्हणजे मंचरहून दिवसाभरात जाऊन-येऊन होईल इतक्या अंतरावर. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. १८८९ च्या ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आणलं, आणि दुष्काळातल्या मुली-बायांसाठी केडगाव वसवलं. तिथे स्वयंपाकघर एकट्या बाईच्या गळ्यात राहिलं नाही. पाळ्या लागल्या. कुणी चुलीवर, कुणी गोठ्यात, कुणी मागावर, कुणी छापखान्यात. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत उतरवत होत्या. त्याचे खिळे जुळवणाऱ्या आणि पानं छापणाऱ्या बायका आदल्या पाळीला भाकऱ्या भाजत असतील. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. म्हाताऱ्या, आजारी रमाबाईंनी तरी भाषांतर तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, ईस्टर अकरा दिवसांवर असताना, त्या वारल्या. इतकं मोठं बौद्धिक काम त्यांच्या हातून झालं, कारण घरकाम त्यांनी संस्थेचं काम केलं. हे प्रत्येकीला जमणार नाही. पण वाळवणाला जमणाऱ्या चार बायका जे करतात त्याचंच हे मोठं रूप आहे, हे विसरू नये.

नारायणगावात बसून हा विषय लिहायचा आणि तमाशातल्या विठाबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. त्या ख्रिस्ती नव्हत्या, पण घर आणि कला यांच्या ओढाताणीवर या तालुक्यात त्यांच्याइतकं बोलण्याचा अधिकार कुणाचाच नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिटीची माणसं येऊन सुपाऱ्या ठरवतात. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात जो धांदलीचा महिना, तोच फडाच्या पोटापाण्याचा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर एकदा दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच कळा आल्या, आडोशाला जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत येऊन पुढचा वग केला, हा प्रसंग तालुक्यात घरोघरी सांगितला जातो. सांगणारे कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा सुपारीचा धाक जास्त दिसतो. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं राज्य सरकार आज जीवनगौरव पुरस्कार देतं.

या तिघींची नावं राहिली. ज्यांची राहिली नाहीत त्यांच्याकडे वळू. घरकाम, कला आणि भक्ती ही तिन्ही कामं एकाच वेळी, एकाच बैठकीत करण्याची सोय आपल्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या होती, ती म्हणजे जातं. पहाटे दळायला बसलेली बाई पीठ पाडता पाडता ओवी रचायची. पहिली माझी ओवी देवाला, मग भावाला, मग माहेराला, आणि मधूनच सासूला कोपरखळी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून या ओव्या गोळा करायला घेतल्या. त्यात पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशीकडच्या बायकांचा वाटा मोठा. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकता येतात. एक लाख! मराठी काव्याच्या इतिहासात या कवयित्रींना किती पानं मिळाली, ते तुम्हीच काढून बघा.

टिळक पती-पत्नींनी ख्रिस्ताची कथा सांगायला ओवी आणि अभंगच धरले, यात म्हणूनच काही नवल नाही. लक्ष्मीबाईंच्या कानात जात्याची चाल होतीच. आजही मराठी मंडळ्यांमधून ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की टिळकांची पदं निघतात आणि ती टाळ-मृदंगावर, भजनाच्या ठेक्यात म्हटली जातात. बाहेरून ऐकणाऱ्याला आत वारकरी बसलेत की ख्रिस्ती, हे शब्द कानावर पडेपर्यंत कळत नाही.

पण जातं गेलं. गिरणी आली, ती यायलाच हवी होती. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला काव्याच्या नावाखाली पुन्हा जात्यावर बसवा, असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतः पायलीभर दळून दाखवावं. मुद्दा इतकाच की हात कामात असताना तोंड आणि मन मोकळं असण्याची ती वेळ गेली. तिच्या जागी जी वेळ उरली ती मोबाइलनं, टीव्हीनं आणि पोरांच्या वाढलेल्या अभ्यासानं खाल्ली. आज मंडळीसाठी गाणं रचणारी किंवा बचत गटाच्या कार्यक्रमाला एकपात्री लिहिणारी बाई ते रात्री अकरानंतर लिहिते. आणि ‘हौस आहे तिला’ असं घरचे म्हणतात. नवऱ्याच्या क्रिकेटला हौस म्हणतात तशाच सुरात.

श्रद्धेनंही इथे बाईला फार सवलत दिलेली नाही, हे सांगायला हवं. बायबलात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. मार्था पाहुण्यांच्या सरबराईत, मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली. येशूनं बाजू मरियेची घेतली. यावर उपवासकाळात दरवर्षी प्रवचनं होतात. प्रवचन संपल्यावर चहा मात्र मार्थाच आणते, आणि कप विसळायलाही तीच बसते. मंडळीतल्या पुरुषांनी एका उत्तम शुक्रवारी तरी चहाचं पातेलं स्वतः चढवलं, तर ते प्रवचन कळलं असं म्हणता येईल.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाकडे शेवटचं एकदा येतो, कारण त्याच्या जन्माची हकीकत फारशी कुणी लक्षात घेत नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहायचं असं ठरवून कुणी बसलं नव्हतं. मुलाला, म्हणजे त्या दत्तूला, देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. वडिलांच्या चरित्राची साधनं म्हणून आई सांगू-लिहू लागली, आणि त्यातून आईचंच चरित्र उभं राहिलं. ‘संजीवनी’ या नियतकालिकात ते क्रमशः छापलं गेलं. काम अर्ध्यावर असताना बाई गेली तेव्हा शेवटचा भाग मुलानं मार्गी लावला. ‘ख्रिस्तायन’चाही अखेरचा अध्याय त्यानंच जोडला. पुढे १९५० मध्ये इंग्रजी अनुवाद निघाला, २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी नवा केला. नातू अशोक टिळक यांनी मूळ मराठीची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्या एका बाईच्या बोलण्यामागे उभ्या राहिल्या. एरवी हे पुस्तक जलालपूर-नगरच्या कुठल्यातरी माजघरात हवेत विरून गेलं असतं.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या त्यांच्या लेकरांना, एक विनंती. दिवाळीला घरी आलात की आईला, आत्याला, चुलतीला विचारा. बाबांबद्दल नको, तिच्याबद्दल विचारा. हिरड्याच्या डोंगराबद्दल, पहिल्या यात्रेबद्दल, पाठ असलेल्या ओव्यांबद्दल, आणि ख्रिस्ती घर असेल तर पहिल्या उपासनेबद्दल, तिथे शिकलेल्या पदांबद्दल. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. ती ‘माझ्यात काय आहे सांगण्यासारखं’ असं म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. मात्र ती बोलत असेल तोवर गॅसपाशी तुम्ही उभे राहा.